असेंबल पीसी 10 महिने वापरल्यावर: मशीन कसंय आन् दुकानदाराला राहतंय किती

एप्रिल 2025 मध्ये लातूरहून असेंबल करून आणलेला पीसी, आता 10 महिने झाले. उदगीरला माझं फ्लेक्स आन् लग्नपत्रिकेच्या डिझाईनचं काम आहे, दिवसातले दहा-बारा तास मशीन चालूच असतंय. रायझेन 5 5600जी प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 512 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलंच नाही. कोरलड्रॉला दहा बाय वीसचा फ्लेक्स असला तरी अडकत नाही, फोटोशॉपला फाईल मोठी झाली की मात्र रॅम कमी पडते. कामापुरतं म्हणाल तर लई चांगलं मशीन.

पण मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, गेला. वॉरंटी होती, पण पीस पुण्याला पाठवावा लागला, बदलून यायला 19 दिवस. दुकानदारानं त्याच दिवशी स्वतःकडचा एक लावून दिला, रुपया घेतला नाही, कुरियरचा खर्चही त्यानंच केला, आन् ह्याच माणसाशी मी घेताना ऑनलाइनचे रेट दाखवून 500 रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केली होती. ते मला लई लागलं.

मग एकदा विचारलंच, भाऊ, तुम्हाला राहतंय तरी किती? त्यानं सरळ हिशोब मांडला. माझ्या 38 हजाराच्या बिलात त्याला सुटले 1400, म्हणजे 4 टक्केबी नाहीत. प्रोसेसर, एसएसडीवर शे-दोनशे, कॅबिनेटवर जरा बरं. बिलातला 18 टक्के जीएसटी सरकारला जातो, गिऱ्हाईकाला वाटतं सगळं हाच खातो.

पैसा वर चिपवाल्याकडं आहे. ग्राफिक्स कार्डची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचं जानेवारी 2025 ला संपलेल्या वर्षाचं ग्रॉस मार्जिन, म्हणजे विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरणारा हिस्सा, 75 टक्के होतं. आन् त्याच चिपवर कार्ड बनवून विकणाऱ्या ईव्हीजीएनं सप्टेंबर 2022 मध्ये ग्राफिक्स कार्डचा धंदाच सोडला, मार्जिन उरत नाही हे त्यातलं एक कारण. एवढ्या मोठ्या कंपनीला जमलं नाही तिथं लातूरच्या दुकानदारानं काय करावं?

तो म्हणतो नवीन पीसीच्या विक्रीवर घर चालत नाही, चालतंय सीसीटीव्ही, प्रिंटर रिपेअर आन् जुन्या मशीनला एसएसडी टाकण्यावर. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, त्यानंतर विचारायला येणारे वाढले, पण इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीच्या बहुतेक मशीनला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आन् नवीन घ्यायला लोक तयार नाहीत, कारण रॅम महागली. एआयच्या डेटा सेंटरला मेमरी म्हणजे रॅम इतकी लागायली की ती बनवणाऱ्या मायक्रॉननं डिसेंबर 2025 मध्ये क्रुशियल हा घरगुती गिऱ्हाईकाचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. जिथं जास्त सुटतंय तिथं ते माल देणार, आपला नंबर शेवटी.

मला अजून 16 जीबी टाकायची होती. रेट विचारला तर एप्रिलच्या दुपटीच्याही वर. दुकानदारच म्हणला, आत्ता घेऊ नका, काम अडत नसंल तर थांबा. गल्ल्यात येणारा पैसा सोडून असं सांगणारा माणूस ऑनलाइन कुठून मिळणार. त्यामुळं पुढचं मशीन त्याच्याकडूनच, चार-पाचशे जास्त गेले तरी चालतील. रॅम सध्या 16 वरच आहे, मोठी फाईल आली की ब्राउझर बंद करून काम उरकतो.