'ट्यून करून दिलेला' डुप्लेक्सर

आमच्या हॅम रेडिओच्या रिपीटरसाठी (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं त्याच वेळी दुसरीवर पुन्हा प्रसारित करणारं केंद्र) सहा कॅव्हिटींचा, म्हणजे धातूच्या पोकळ डब्यांचा, जुना डुप्लेक्सर घेतला. एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच वेळी चालू देणारा हा फिल्टर. विकणारा म्हणाला, "तुमच्या फ्रिक्वेन्सीवर ट्यून करूनच पाठवतो, तुम्ही फक्त केबल जोडा." पुरावा म्हणून त्याने हातात मावणाऱ्या व्हीएनएच्या (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल पार जातो ते मोजणाऱ्या यंत्राच्या) स्क्रीनचा फोटो पाठवला. खोल, टोकदार नॉच (आलेखातला खड्डा, जिथे सिग्नल अडवला जातो) आणि खाली पेनाने लिहिलेलं '95 डेसिबल'. मी भाळलो आणि सगळे पैसे आधीच देऊन बसलो.

माल आला तो दिसायला झकास. अर्धा मीटर उंचीची सहा नळकांडी, वर नवंकोरं स्टिकर. पण ट्रान्समीटर बंद असताना स्वच्छ ऐकू येणारा लांबचा हँडी (हातातला वॉकीटॉकी), ट्रान्समीटर चालू झाला की खरखरीत बुडून जायचा. सरळसरळ डिसेन्स, म्हणजे स्वतःच्याच ट्रान्समीटरने रिसीव्हर बहिरा होणं. मी मात्र दोन आठवडे अँटेना, कोअॅक्स, कनेक्टर यांच्याच मागे लागलो होतो. मग अँटेना काढून त्या जागी डमी लोड (पॉवर शोषून घेणारा रोधक) लावला, तरी खरखर तशीच! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला : दोष डुप्लेक्सरचाच.

2 मीटर बँडवर (144 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) रिपीटरच्या ऐकण्याच्या आणि प्रसारणाच्या फ्रिक्वेन्सींमध्ये अंतर असतं फक्त 600 किलोहर्ट्झ. एका बाजूला 50 वॉट, दुसऱ्या बाजूला 0.35 मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकू पाहणारा रिसीव्हर. दोन्हींत 163 डेसिबलची तफावत, आणि अँटेना एकच. ट्रान्समीटरची पॉवर रिसीव्हरपासून आणि त्याचा गोंगाट रिसीव्हच्या फ्रिक्वेन्सीपासून दूर ठेवायचं काम या डब्यांचं.

माझाच व्हीएनए लावला, मोकळ्या पोर्टला 50 ओहमचं टर्मिनेशन देऊन. रिसीव्ह बाजूचा नॉच 58 डेसिबल. ट्रान्समिट बाजूने 50 वॉट आत घातले तर बाहेर 22 वॉट. चांगल्या डुप्लेक्सरमधून 35 च्या आसपास यायला हवेत.

इथे स्वतःचाच राग आला. नॉच साधारण 70 डेसिबलपेक्षा खोल असला की तसल्या छोट्या व्हीएनएला स्वतःचाच गोंगाट दिसतो. त्याच्या स्क्रीनवर 95 दिसणारच नाहीत! हे मला माहीत होतं, पण फोटो बघताना आठवलं नाही. शिवाय फोटोत फ्रिक्वेन्सीचे आकडे कापलेले होते.

मग टॉर्च घेऊन डब्यांच्या माथ्यावर पाहिलं. डब्याची फ्रिक्वेन्सी ठरवणारा ट्यूनिंग रॉड जिथे लॉकनटमधून वर येतो तिथे जुना लाल रंग, सीलसारखा लावलेला. चार डब्यांवर तो तुटला होता. उरलेल्या दोघांवर, प्रत्येक बाजूच्या एकेकावर, साधा तडाही नव्हता. ते रॉड कुणी हलवलेच नव्हते. स्टिकर नखाने सोललं तर खाली दुसऱ्याच रिपीटरच्या फ्रिक्वेन्सींची जोडी लिहिलेली, आमच्यापासून जवळजवळ एक मेगाहर्ट्झ दूर.

विचारल्यावर उत्तर आलं, "वाटेत धक्का बसला असेल." धक्का बसून रॉड सरकेल, पण न तुटलेलं सील आपोआप कसं लागेल? यावर आजतागायत उत्तर नाही, पैसेही नाहीत.

आता कुणी ट्यूनिंगचा आलेख दाखवला तर मी व्हिडिओ मागतो : डबे, केबल आणि स्क्रीन एकाच चौकटीत, आकड्यांसह, आणि नट घट्ट केल्यानंतरचा. नट आवळताना रॉड किंचित फिरतो आणि नॉच सरकतो, म्हणून नंतरचाच.

परवा एका मित्राने, घेऊ का म्हणून, एका चार कॅव्हिटींच्या डुप्लेक्सरचा आलेख पाठवला. तोच नॉच, तेच पेनाने लिहिलेले 95, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात तीच अंगठ्याची सावली.