मुंबईची हाफ की साताऱ्याची हिल : सातारा-सांगलीच्या धावकासाठी तुलनात्मक आढावा

अर्धमॅरेथॉनचे २१.०९७ किलोमीटर अंतर मुंबईत जेवढे असते तेवढेच साताऱ्यातही असते. परंतु या दोन शर्यती धावकाकडून मागतात त्या गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत की, केवळ अंतर पाहून निवड करणाऱ्याची फसगत होण्याची शक्यता मोठी असते. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील धावकांच्या गटांत हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. एका वर्षात एकाच मोठ्या शर्यतीसाठी रजा, पैसा आणि सराव यांचा मेळ बसणार असेल, तर जानेवारीत मुंबईला जावे की पावसाळ्याच्या शेवटी साताऱ्याच्या शर्यतीसाठी शहरालगतचा यवतेश्वरचा घाट चढावा? दोन्ही मार्गांवर धावण्याचा अनुभव असल्याने मी माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मुंबईची शर्यत बरीचशी आदल्या दिवशीच्या नियोजनावर ठरते, तर साताऱ्याची शर्यत जवळजवळ पूर्णपणे चढ-उताराच्या सरावावर ठरते. यांपैकी आपल्याला कोणती तयारी जमणार आहे, याचे प्रामाणिक उत्तर ज्याला देता येईल त्याची निवड अर्धी झालीच.

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. जानेवारीतील तिसऱ्या रविवारी ती घेतली जाते आणि करोनामुळे खंडित झालेली २०२१ व २०२२ ही वर्षे सोडल्यास तिची परंपरा अखंड आहे. साताऱ्याच्या लोकांना या शर्यतीविषयी वाटणारी आपुलकी केवळ मुंबईच्या झगमगाटामुळे नाही. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे येथे भारतीय महिलांमध्ये पहिला क्रमांक पटकावला आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. दुष्काळी भागातील एका मुलीने गाजवलेला तो रस्ता एकदा तरी स्वतःच्या पायांनी तुडवावा, ही इच्छा आपल्याकडच्या कितीतरी धावकांच्या मनात असते आणि ती रास्तही आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची सुरुवात २०१२ ची. एकाच डोंगरावरील शर्यतीत सर्वाधिक धावक सहभागी झाल्याबद्दल २०१५ मध्ये तिची नोंद गिनेस बुकात झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी उभी राहिलेली शर्यत राज्यभरातील धावकांना आपल्याकडे खेचून आणते, याचा अभिमान सातारकरांनी जरूर बाळगावा.

मुंबईच्या नियोजनाची चर्चा प्रवासापासूनच सुरू करावी लागते, कारण आपल्या भागातील धावक तेथेच सर्वाधिक शक्ती गमावतो. बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावकाचा क्रमांक, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. आधीच्या दिवसांत भरणाऱ्या एक्स्पोमध्ये, म्हणजे शर्यतीच्या प्रदर्शनात, ओळखपत्र दाखवून ते घ्यावे लागते. शनिवारी दुपारी गाडीने निघून संध्याकाळी एक्स्पो गाठायचा, तेथील रांगेत आणि स्टॉलच्या गर्दीत तास-दोन तास उभे राहायचे, त्यानंतर मुक्कामाचे ठिकाण शोधायचे आणि पहाटे तीनला उठायचे, असा बेत अनेकजण आखतात. अशा बेतात पाय शर्यतीआधीच थकतात. त्यापेक्षा शुक्रवारी रात्री कोल्हापूरहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडणे केव्हाही उत्तम. सांगली-मिरजेच्या धावकाला ती रात्रीच्या जेवणानंतर मिळते, सातारकराला मध्यरात्रीच्या आगेमागे माहुलीच्या स्थानकावर जावे लागते आणि शनिवारी सकाळी दोघेही मुंबईत असतात. सकाळच्या वेळी एक्स्पो उरकला, तर दुपार आणि संध्याकाळ विश्रांतीसाठी मोकळी राहते. याचा अर्थ एक रात्र गाडीत आणि एक रात्र मुंबईत काढावी लागते. मुंबईत नातेवाईक नसतील तर हा खर्च प्रवेश शुल्काहून मोठा होतो, हे आधीच हिशेबात धरावे.

मुक्काम कोठे करावा, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. पूर्ण मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळून सुटते, तर हाफ गेल्या काही वर्षांपासून माहीमच्या रेतीबंदर परिसरातून सुटते आणि दक्षिण मुंबईत संपते. सुरुवात एकीकडे आणि शेवट दुसरीकडे, अशी ही रचना आहे. त्यामुळे हाफ धावणाऱ्याने दादर-माहीमच्या बाजूला राहावे. फोर्टमध्ये खोली घेतलेल्या धावकाला अनेक रस्ते बंद झालेले असताना भल्या पहाटे उत्तरेकडे जावे लागते. धावकांसाठी पहाटेच्या विशेष लोकल सोडल्या जातात, ही व्यवस्था खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु तिचा लाभ स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्यालाच होतो. एकट्याने जाणाऱ्या महिला धावकांनी तर हा मुद्दा सर्वांत आधी तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन.

साताऱ्यात यातील जवळजवळ काहीच करावे लागत नाही. सातारकर घरून चालत किंवा दुचाकीने स्टार्ट लाइनपर्यंत जातो. सांगलीहून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि शनिवारी दुपारी येऊन बिब घेतले, कोणाकडे तरी मुक्काम केला की पुरते. मात्र शर्यतीच्या आदल्या दिवशी शहरातील हॉटेले भरलेली असतात, आणि कासच्या फुलांचा हंगामही त्याच सुमारास सुरू होत असल्याने खोली ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नये. नावनोंदणीच्या बाबतीत मात्र सातारा मुंबईपेक्षा सोपा नाही. जागा मर्यादित असतात आणि नोंदणी खुली झाल्यावर त्या झपाट्याने भरतात. ‘आपल्याच गावची शर्यत, नंतर बघू’ असे म्हणणारे स्थानिक धावकच अनेकदा बाहेर राहतात आणि मग दुसऱ्याच्या बिबवर धावण्याचा मार्ग शोधू लागतात. हे कधीही करू नये. बिबमागे लिहिलेला रक्तगट आणि घरच्यांचा संपर्क क्रमांक दुसऱ्याचा असेल, तर रस्त्यात कोसळलेल्या माणसावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची दिशाभूल होते.

आता प्रत्यक्ष धावण्याकडे वळू. मुंबईत धावकांना त्यांच्या पूर्वीच्या वेळेनुसार गटागटाने उभे केले जाते आणि प्रमाणित वेळेचा दाखला देणाऱ्याला पुढच्या गटात स्थान मिळण्याची संधी असते. दाखला नसेल तर मागच्या गटात उभे राहावे लागते आणि सुरुवातीचे एक-दोन किलोमीटर माणसांतून वाट काढण्यात जातात. बिबवरील चिप स्टार्ट लाइन ओलांडल्यापासूनची निव्वळ वेळ मोजते, म्हणून मागे राहिल्याने वेळेचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते डावी-उजवीकडे पळत पुढे जाण्याच्या धडपडीत खर्च होणाऱ्या दमाचे. येथे एक गोष्ट साताऱ्याच्या धावकांनी लक्षात ठेवावी. हिल मॅरेथॉनची वेळ सपाटीपेक्षा बरीच जास्त येते, त्यामुळे मुंबईसाठी दाखला हवा असेल तर तो एखाद्या सपाट मार्गावरील शर्यतीत मिळवलेला असावा.

मुंबईचा मार्ग सपाट समजला जातो आणि बव्हंशी तो तसा आहेही. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पायी जाता येत नाही. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या पुलावरून पहाटेच्या अंधारात, दोन्ही बाजूंना समुद्र असताना धावण्याचा अनुभव दुसरी शर्यत देऊ शकत नाही. पुलावर प्रेक्षक नसल्याने तो भाग शांत असतो. त्यानंतर वरळी, हाजी अली आणि पेडर रोडचा चढ येतो. मुंबईकर धावक या चढाबद्दल जितक्या धास्तीने बोलतात, तितकी धास्ती यवतेश्वरला सराव करणाऱ्याने बाळगण्याचे कारण नाही. सांगलीच्या धावकाने मात्र तो गृहीत धरून आधी थोडा जोर राखून ठेवावा. शेवटी मरीन ड्राइव्हचा लांबलचक, सरळ रस्ता येतो आणि थकलेल्या धावकाला खरा जड तोच जातो, कारण समोरचे वळण बराच वेळ जवळ येतच नाही.

हवामानाविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलीच थंडी असते आणि शरीर त्या कोरड्या थंडीला सरावलेले असते. मुंबईतील पहाट सुखद वाटली तरी हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही आणि शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. हाफ पहाटे पाचच्या सुमारास सुटत असल्याने उन्हाचा फारसा त्रास होत नाही, तो पूर्ण मॅरेथॉनच्या धावकांच्या वाट्याला येतो. तथापि आपला नेहमीचा वेग पहिल्या किलोमीटरपासून पकडणारा सांगलीकर वरळीपर्यंत घामाने निथळलेला असतो. नुसते पाणी भरमसाट पिणे हा त्यावरचा उपाय नव्हे; त्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. मिठाचा अंश असलेले पेय थोडे थोडे घेत राहावे. साताऱ्यात त्या दिवसांत ढग, धुके आणि अनेकदा पावसाची भुरभुर असते. ऊन नसल्याने धावणे सुसह्य होते. परंतु ओल्या घाटरस्त्यावर उतरताना पाय घसरण्याचा धोका असतो आणि जुने, तळवा झिजलेले बूट तेथे चालत नाहीत.

साताऱ्याच्या मार्गाचे स्वरूप एका वाक्यात सांगता येते. शहरातून समर्थ मंदिराकडे यायचे, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचे आणि त्याच रस्त्याने परत उतरायचे. यातील चढाची भीती सर्वांना असते. उताराची कोणालाच नसते, आणि धोका तेथेच आहे. चढावर छाती भरून आली की माणूस आपोआप सावकाश होतो, चालू लागतो, स्वतःला सांभाळतो. उतारावर मात्र पाय आपोआप पळतात, मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलावा लागतो आणि अशा कामाची सवय नसेल तर स्नायूंना सूक्ष्म इजा होते. शर्यत संपल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावे लागते ते यामुळेच. सातारकराला सरावासाठी अजिंक्यताऱ्याचा रस्ता दाराशी आहे. सांगलीकर कृष्णाकाठच्या सपाटीवर कितीही किलोमीटर धावला तरी त्याला ही सवय लागणार नाही. त्याने निदान तीन महिने दर रविवारी दंडोबाच्या डोंगराची किंवा सागरेश्वरची वाट धरावी आणि चढण्याइतकेच लक्ष उतरण्याकडे द्यावे. सपाटीवरील आपल्या वेळेत वीस-पंचवीस मिनिटांची भर घालून अपेक्षा ठेवली, तर निराशा होत नाही.

व्यवस्थेच्या दृष्टीने घाटाची अडचण वेगळी आहे. वर जाणारे आणि खाली येणारे धावक एकाच रस्त्यावर असतात आणि रुग्णवाहिकेलाही तोच रस्ता असतो. मुंबईत एखाद्या ठिकाणी मदत हवी असेल तर बाजूच्या गल्लीतून वाहन आणता येते, घाटात तशी गल्ली नाही. म्हणून डावी बाजू न सोडणे, चार-चारजणांनी हातात हात घालून न चालणे आणि छायाचित्रासाठी वळणावर मध्येच न थांबणे ही शिस्त तेथे दुसऱ्याच्या जिवाशी निगडित आहे. चाळिशी ओलांडलेल्या आणि प्रथमच घाटात धावणाऱ्या प्रत्येकाने आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. सातारा असो की मुंबई, हा सल्ला दोन्हीकडे लागू आहे. परंतु चढावर हृदयाची गती फार लवकर वाढते, त्यामुळे साताऱ्यासाठी तो टाळता येण्याजोगा नाही.

पाणी, स्वयंसेवक, पेसर (ठरलेल्या वेगाने धावून इतरांना वेळ राखायला मदत करणारे धावक), पदक या गोष्टी दोन्हीकडे समाधानकारक असतात आणि त्यांवर निवड करण्याचे कारण मला दिसत नाही. पाण्याच्या स्टॉलवर पहिल्याच टेबलाशी झुंबड न करता शेवटच्या टेबलापर्यंत जावे, एवढे सांगितले तरी पुरे. यवतेश्वरच्या पुढे तर रिकामी बाटली दरीकडे भिरकावणे हा गुन्हाच मानावा. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशात गणल्या गेलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे आणि त्या वाटेवर आपण पाहुणे आहोत.

लोकांच्या प्रतिसादाची तुलना मला अधिक मोलाची वाटते. मुंबईत पहाटेपासून कुटुंबेच्या कुटुंबे रस्त्याच्या कडेला उभी असतात, संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ, बिस्किटे पुढे करतात आणि बिबवरचे नाव वाचून अनोळखी माणसाला हाक मारतात. त्या हाकेने पेडर रोडवर पाय खरोखर हलके होतात. साताऱ्यात शहराच्या भागात ढोल-ताशे, लेझीम आणि शाळकरी मुलांची गर्दी असते; घाटात मात्र बराच वेळ फक्त स्वतःचा आणि शेजारच्याचा श्वास ऐकू येतो. गर्दीवर बळ मिळवणाऱ्या धावकाला मुंबई मानवते, एकाग्रतेने चढणाऱ्याला सातारा. कुटुंबाने शर्यत पाहावी अशी इच्छा असेल तर साताऱ्याला तोड नाही, कारण समर्थ मंदिराजवळ उभे राहिलेले घरचे लोक आपल्याला जाताना आणि येताना असे दोनदा पाहू शकतात.

मला विचारणाऱ्यांना मी असे सांगतो. पहिलीच अर्धमॅरेथॉन असेल, धावक सातारचा असेल आणि घाटाचा सराव असेल, तर त्याने वेळेचा विचार न करता सातारा निवडावा. घराजवळची व्यवस्था नवख्याला फार मोठा आधार देते. सांगलीच्या नवख्या धावकाला दोन रात्रींचा वेळ आणि खर्च झेपत असेल तर मुंबई अधिक योग्य, कारण तेथील रस्ता त्याच्या सरावाशी जुळतो. दोन तासांच्या आत येण्यासारखे वेळेचे ध्येय असेल तर दोघांनीही मुंबईच घ्यावी. ज्यांना मुंबईपर्यंतचा प्रवासही नको आणि घाटही नको, त्यांच्यासाठी १९८३ पासून चालत आलेली पुण्याची मॅरेथॉन आहे. आणि पुढील वर्षी दोन्ही शर्यती करण्याचा विचार असेल तर क्रम निसर्गानेच लावून दिला आहे: घाटात कमावलेली पायांतील ताकद चार महिन्यांनी सपाटीवर उपयोगी पडते. फक्त साताऱ्यानंतर दोन आठवडे पूर्ण विसावा घ्यावा, आणि मुंबईची नोंदणी बरीच आधी खुली होत असल्याने ती साताऱ्याच्या निकालाची वाट न पाहता उरकावी.