सव्वादोन लाख किलोमीटर चाललेली स्विफ्ट डिझेल

या गाडीविषयी लिहायचे तर सुरुवात इंजिनापासूनच करावी लागते, कारण तिच्यावर आजवर झालेला सगळा खर्च त्याच्याच पुण्याईवर झालेला आहे. डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात नोंदवलेली आमची स्विफ्ट डिझेल आता २,२६,००० किलोमीटर चालली आहे. फियाटच्या मल्टिजेट तंत्राचे हे १२४८ सीसीचे, ७५ अश्वशक्तीचे इंजिन त्या काळात मारुतीप्रमाणेच टाटा आणि फियाटच्या गाड्यांतही बसत असे, त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि ते उघडण्याची सवय असलेला मेस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. टायमिंगसाठी, म्हणजे इंजिनाच्या झडपा नेमक्या वेळी उघडण्या-मिटण्यासाठी, त्यात पट्ट्याऐवजी साखळी आहे. दर दहा हजार किलोमीटरला न चुकता ऑइल बदलल्यामुळे ती अजून कुरकुरत नाही. महामार्गावर लिटरमागे वीसच्या आसपास ॲव्हरेज आजही मिळते आणि कुंभार्ली घाट चार माणसे व सामान घेऊन गाडी विनातक्रार चढते.

झिजते ते इंजिनाच्या भोवतीचे. दीड लाखापर्यंत टायर, बॅटरी आणि ब्रेकपॅड याखेरीज विशेष काही लागले नाही. त्यानंतर आधी क्लच गेला, आणि त्याचा दोष गाडीपेक्षा पुण्याच्या वाहतुकीत अर्ध्या क्लचवर रांगत राहण्याच्या माझ्या सवयीकडे जातो. मग चाकांच्या धक्के सोसणाऱ्या जोडणीतील शॉकअब, लोअर आर्म आणि बुश यांची पाळी आली, पाठोपाठ एसीचा कंडेन्सर गळू लागला आणि दोन लाखांनंतर इंजिनात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर दुरुस्तीला काढावे लागले. गेल्या वर्षभरातील बिलांची बेरीज ६१,००० रुपये झाली. त्याच सुमारास जुन्या गाड्यांच्या एका दलालाने या गाडीची किंमत १,१०,००० सांगितली होती.

या बेरजेत गॅरेजच्या निदानाचाही वाटा आहे. खड्ड्यांत समोरून खडखड येते म्हणून एका मोठ्या गॅरेजने स्टिअरिंगचा संपूर्ण रॅक, म्हणजे चाके वळवणारी यंत्रणाच, बदलायला सांगितला. घराजवळच्या मेस्त्रीने गाडी जॅकवर घेऊन, चाक हाताने हलवून पाहिले आणि चाकांच्या जोडणीतील दोन लिंक रॉड बदलून आवाज बंद केला. जुन्या गाडीला असा मेस्त्री मिळणे हे अस्सल सुटे भाग मिळण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि तो गावाला गेला असेल तर गाडी दोन दिवस उभी ठेवावी, असे मी आता स्वानुभवाने म्हणतो.

खरा पेच हिशेबाचा आहे. प्रत्येक बिल सुटे पाहिले तर योग्यच वाटते, कारण आठ-दहा हजार रुपये नव्या गाडीच्या दोन हप्त्यांपेक्षाही कमी असतात, आणि ‘इंजिन चांगले आहे, गाडी विकू नका’ हे मेस्त्रीचे वाक्यही खोटे नसते. परंतु त्या एका खऱ्या वाक्याच्या आधारावर आपण वर्षभर पैसे मोजत राहतो आणि बेरीज करायचे टाळतो. शिवाय मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या असल्याने हिच्या जागी तसलीच नवी घेण्याची सोय उरलेली नाही, हा मोहही त्यात मिसळतो.

पंधरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे फेरनोंदणीसाठी तपासणी, ५,००० रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर, हे सर्व आता समोर आहे. तेवढ्याने मी थांबलो नसतो. मात्र पंधरा पावसाळ्यांत कोकणच्या फेऱ्या केल्याने मागच्या चाकाच्या कमानीजवळचा पत्रा आतून गंजला आहे. डेंटरने तेथे पेचकस टेकवला तेव्हा तो आरपार गेला. इंजिनाचा प्रत्येक भाग बदलता येतो, पण सांगाड्याचा कुजलेला पत्रा कापून जोडला तरी मूळची ताकद येईलच असे नाही. त्याने सांगितलेले २८,००० रुपये मी खर्च करणार नाही.

जुनी स्विफ्ट डिझेल स्वस्तात मिळते म्हणून कोणी घेत असेल, तर मी नको म्हणणार नाही. वर्षाला चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवण्याची तयारी मात्र हवी. विकणारा बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकवील. आपण त्याआधी डिकीतील स्टेपनी बाहेर काढून तिच्याखालचा पत्रा पाहावा.