‘चोवीस कॅरेट’च्या नावाखाली पितळ, आणि मूळ मोनोग्राम गायब

जुन्या गाडीचे उडालेले सोनेरी मोनोग्राम, ग्रिलची चौकट किंवा डिकीवरची पट्टी पुन्हा झळकवून घ्यायचं मनात असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचून घ्या. आम्ही प्लेटिंगचं जॉबवर्क करतो, त्यामुळे दुसरीकडे बिघडलेली कामं शेवटी आमच्या टेबलावर येतात. बीड जिल्ह्यातल्या एका गाडीचं प्रकरण इथे मांडतो आहोत, कारण या कामात चालणारे फसवणुकीचे तिन्ही प्रकार त्या एकाच गाडीवर झाले होते.

गाडी नव्वदच्या दशकातली सेदान, मालक निवृत्त शिक्षक. गाडी घेतली तेव्हाच हौसेने सोनेरी करून घेतलेले चार मोनोग्राम, ग्रिलची चौकट आणि डिकीची पट्टी आता पांढरी पडली होती. शहरातल्या एका कार डेकोरवाल्याने काम घेतलं. “गुरुजी, चोवीस कॅरेट देतो, पाच मायक्रॉन. नातवाच्या लग्नातबी असंच चमकंल,” असं सांगून साडेअठरा हजार रुपये घेतले. पक्कं बिल दिलं नाही. चिठ्ठीवर ‘गोल्ड प्लेटिंग ५ मायक्रॉन, लाइफटाइम’ एवढंच लिहिलं. दसऱ्याच्या आधी गाडी झळकत घरी आली. होळीपर्यंत मोनोग्रामच्या कडांना चहाच्या रंगाचे डाग पडले आणि एप्रिलच्या उन्हात ग्रिलच्या चौकटीवरचा पापुद्रा नखाने निघायला लागला. विचारायला गेल्यावर उत्तर मिळालं, “मराठवाड्याचं ऊन आहे गुरुजी, सोनं काळं पडतंच.”

शुद्ध सोनं उन्हाने काळं पडत नाही. परभणी-नांदेडचं ४४ अंशांचं ऊन असो की बोअरचं पाणी, सोन्याला गंज नाही. जुनं सोनेरी काम पांढरं पडतं तेव्हा वरचं पातळ सोनं पॉलिश आणि ब्रशने घासून निघून गेलेलं असतं आणि खालचं निकेल किंवा क्रोम दिसू लागतं. काळं किंवा तपकिरी पडलं, तर तिथे मुळात सोनं नव्हतं किंवा सोन्याखालचा थर चुकीचा होता, असंच समजा.

पहिलं खोटं तर त्या चिठ्ठीवरच पकडता आलं असतं. सोन्याची घनता १९.३, म्हणून एक चौरस सेंटिमीटर जागेवर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर द्यायला १.९३ मिलिग्रॅम सोनं लागतं. चार मोनोग्राम, चौकट आणि पट्टी मिळून साधारण ५२० चौरस सेंटिमीटर भरत होते. त्याला १.९३ने आणि पाच मायक्रॉनने गुणलं की पाच ग्रॅम होतात, म्हणजे अर्धा तोळा! नुसत्या तेवढ्या सोन्याची किंमत साडेअठरा हजारांच्या कितीतरी वर जाते, मजुरी तर बाजूलाच राहिली. मोनोग्रामवर एरवी जे खरं सोनं चढतं ते ०.१ ते ०.२ मायक्रॉनचं असतं, त्याला फ्लॅश म्हणतात. ०.१ मायक्रॉनच्या हिशेबाने या सगळ्या कामाला १०० मिलिग्रॅम पुरतं, ते गुंजभरही होत नाही. ऐकायला फार कमी वाटतं, पण खाली निकेल नीट असेल आणि वरून घासाघीस झाली नाही तर तेवढं सोनं वर्षानुवर्षं टिकतं. कुणी ‘पाच मायक्रॉन’ म्हणालं की त्याच्यासमोरच हा गुणाकार करून दाखवा.

आता त्या गाडीवर काय निघालं ते पाहा. ग्रिलच्या चौकटीवर प्लेटिंग नव्हतंच. क्रोमवर थेट सोनेरी स्प्रे मारून वरून क्लिअर (पारदर्शक थर) दिला होता. क्रोम इतकं गुळगुळीत असतं की सँडपेपर मारल्याशिवाय आणि प्रायमर दिल्याशिवाय रंगाला धरायला काही मिळतच नाही. शिवाय स्वस्त सोनेरी रंगात ब्राँझ पावडर असते, म्हणजे तांबं-जस्ताचे बारीक कण. क्लिअरला चीर गेली की ते कण हिरवट-काळे होतात. रंगाचं काम वाईटच असतं असं मात्र नाही. पाण्याचा पेपर मारून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, एपॉक्सी प्रायमर देऊन, अभ्रकाच्या पर्ल गोल्डचे दोन-तीन हलके कोट आणि वर हार्डनर घातलेला क्लिअर दिला तर ते काही वर्षं छान राहतं. पण मग त्याला रंगच म्हणावं आणि रंगाचेच पैसे घ्यावेत.

मोनोग्रामवर विजेने चढवलेला थर होता, पण तो पितळाचा, वरून लॅकर (पारदर्शक वार्निश) मारलेला. लॅकर धारदार कडेवरून ओढला जातो आणि तिथेच सर्वांत पातळ बसतो. हवा आणि ओल पहिल्यांदा तिथूनच शिरते, म्हणून डाग कडेपासून सुरू होऊन आत सरकत गेले.

तिसरा प्रकार आम्हाला सर्वांत जास्त लागला. चारपैकी दोन मोनोग्राम त्या गाडीचे नव्हतेच. जुन्या मोनोग्रामला मागे दोन-तीन पिना असतात. त्या पत्र्यातल्या भोकांतून आत जातात आणि आतून स्प्रिंगच्या क्लिपने धरलेल्या असतात. इथे डिकीवरचा मोनोग्राम मागून सपाट होता आणि नुसत्या डबल टेपवर चिकटवलेला. अक्षरांमधलं अंतरही किंचित वेगळं. मूळ तुकडा ॲसिडमध्ये खराब झाला असेल किंवा जुन्या गाड्यांच्या शौकिनाला विकला असेल, काहीही असो, मालकाला तो परत मिळाला नाही. त्याचा परिणाम दिसण्यापुरता राहिला नाही. पिनांची भोकं टेपखाली उघडीच राहिली, पावसाळ्यात पाणी तिथून आत उतरलं आणि डिकीच्या पत्र्याला भोकांच्या कडेने गंज धरला. सोन्याचे पैसे बुडाले तर पुन्हा कमावता येतात. तीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा मूळ मोनोग्राम मात्र कुठल्या दुकानात मागून मिळत नाही.

म्हणून मोनोग्राम शक्यतो स्वतः काढा आणि सुटा तुकडा कामाला द्या. आधी डिकीचं आतलं अस्तर काढून मागे क्लिपा आहेत का ते बघा. असतील तर त्या आतून सोडवा, बाहेरून ओढू नका. जुन्या प्लास्टिकच्या पिना कडकडीत झालेल्या असतात, ओढलं की तुटतात. नुसता टेप असेल तर हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतपत गरम करून मासेमारीचा नायलॉन दोरा मागून करवतीसारखा फिरवा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, रंग आणि मोनोग्राम दोन्ही जातात. काढल्यावर मागच्या बाजूचा फोटो घ्या: साच्यातला नंबर, पिनांची जागा, एबीएस (प्लास्टिकचा एक प्रकार) असं उठवलेलं असेल तर तेही. मागे कोपऱ्यात सुईने एक बारीक खूण कोरून ठेवा. कोमट पाणी, शाम्पू आणि मऊ टूथब्रशने एकदा स्वच्छ धुऊन उजेडात बघा. कित्येकदा सोनं शाबूत असतं, वर धूळ आणि जुन्या पॉलिशचा थर बसलेला असतो, आणि पुढच्या कामाची गरजच पडत नाही.

काम खरंच करायचं असेल तर तुकडा कशाचा आहे ते पाहून पद्धत ठरते. हातात जड लागला आणि टिचकीला खणखणीत वाजला तर मझॅक, म्हणजे जस्ताचं ओतीव. हलका असेल तर एबीएस प्लास्टिक. दोन्हींवर तांबं, निकेल आणि सर्वांत वर क्रोम असा क्रम असतो. क्रोमवर ऑक्साइडचा पक्का पापुद्रा असतो आणि त्यावर सोनं धरत नाही, म्हणून क्रोम काढून निकेल उघडं करावं लागतं, ते जागं करण्यासाठी निकेलचा पातळ स्ट्राइक, म्हणजे पकड देणारा पहिला थर, द्यावा लागतो आणि मग सोनं. ही पायरी टाळली की सोनं चढल्यासारखं दिसतं आणि सेलोटेपबरोबर उठून येतं. क्रोम काढताना मझॅकचा तुकडा ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिला आणि ॲसिड जस्तापर्यंत पोचलं तर खड्डे पडतात, अक्षरं बारीक होतात. अशा तुकड्याला पुन्हा तांबं देऊन, बफ मारून, निकेल करून मगच सोनं द्यायचं. तांब्यावर थेट सोनं दिलं तर तांबं हळूहळू वर झिरपतं आणि रंग लालसर होत जातो. मध्ये निकेल हवंच. एबीएसच्या तुकड्याला कुणी पावडर कोटिंग सुचवलं तर तुकडा उचला आणि निघा. ती भट्टी १८० ते २०० अंशांची असते, प्लास्टिक त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. स्टेनलेसच्या पट्ट्यांसाठी मात्र पीव्हीडी (निर्वात भट्टीत वाफेतून थर बसवायच्या) पद्धतीचा टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर उत्तम. त्यात सोनं नसतं, पण तो फार कठीण असतो आणि काळा पडत नाही. पेनाने किंवा कापसाच्या बोळ्याने घरी सोनं चढवायचे संच मिळतात, त्यातल्या काही द्रावणांत सायनाइड असतं. ते घरात आणूच नका.

दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: क्रोम काढणार का, सोन्याखाली निकेल देणार का, सोनं किती मायक्रॉन. उत्तरं बिलावर लिहून घ्या आणि ‘ग्राहकाचाच तुकडा परत’ हे शब्दही घाला. खरा प्लेटर या प्रश्नांनी चिडत नाही.

तुकडा परत घेताना दुकानातल्या दिव्याखाली घेऊ नका, दारात उन्हात घ्या. आधी मागची खूण बघा. मग भिंग लावून अक्षरांचे आतले कोपरे तपासा. खरी ओळख तिथेच पटते. विजेने चढणारा धातू बाहेरच्या टोकदार कडांवर जास्त बसतो आणि आतल्या खोल कोपऱ्यात कमी, त्यामुळे खऱ्या प्लेटिंगमध्ये ‘ए’ किंवा ‘ई’च्या आतल्या खाचेत रंग किंचित फिका, पांढुरका दिसतो. रंगाचं याच्या उलट असतं. तो खाचेत साचतो, जाड गोलसर होतो आणि कडेवरून ओढला जाऊन तिथे पातळ पडतो. मागच्या बाजूला सोनेरी धुरळा बसलेला दिसला तर तो स्प्रेचाच.

त्यानंतर मल्टिमीटर बीपवर लावून दोन्ही टोकं वरच्या पृष्ठभागावर हलकेच टेकवा. रंग किंवा लॅकर असेल तर बीप येत नाही. पण बीप आला म्हणजे सोनं असं समजू नका. क्रोम, पीव्हीडी आणि उघडं पितळही बीप देतात. पांढऱ्या कापसावर आयसोप्रोपिल घेऊन घासा, सोनेरी रंग कापसाला लागता कामा नये. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातलं ॲसिटोन एबीएस विरघळवतं. कडेला सेलोटेप दाबून झटक्यात ओढा. आणि शंका राहिलीच तर सराफाकडे किंवा हॉलमार्किंग केंद्रात एक्स-रे कॅरेट मशीनवर तुकडा ठेवायला सांगा. पातळ थरामुळे मशीन खालचं निकेल-तांबंही मोजतं, तेव्हा त्यावर कॅरेटचा आकडा बघायचा नाही. सोनं आहे की नाही एवढं कळतं. गुरुजींच्या मोनोग्रामवर तांबं आणि जस्त निघालं, सोन्याची रेघही नाही.

बसवताना पत्रा आणि तुकड्याची पाठ आयसोप्रोपिलने पुसून गाडीसाठीचाच ॲक्रिलिक फोमचा डबल टेप वापरा, दाबून बसवा आणि एक दिवस पाणी लावू नका. पिनांचा मोनोग्राम असेल तर क्लिपा नव्या घ्या आणि भोकाभोवती सिलिकॉनची बारीक रेघ द्या. पुढे ब्रासोसारखं धातूचं पॉलिश, रबिंग कंपाउंड आणि वॉशिंग सेंटरचं ॲसिडवालं पाणी सोन्याला लागू देऊ नका, फ्लॅश काही हातांतच निघून जातो. कट-पॉलिश करायच्या आधी मोनोग्रामवर मास्किंग टेप लावायला सांगा. खंडेनवमीला गाडीची पूजा करताना कुंकू बाजूच्या पत्र्यावर लावा. मोनोग्रामवर लागलंच तर कोरड्या फडक्याने न घासता आधी पाणी ओतून वाहवून टाका. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यावर थेंब उन्हात वाळू देऊ नका, मऊ कापडाने टिपून घ्या.

फसवणूक आधीच झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दुकान संभाजीनगरचं किंवा पुण्याचं असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. कच्ची चिठ्ठी, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, काढतानाचे आणि नंतरचे फोटो, कॅरेट मशीनची पावती हे सगळं जोडा. आणि डागाळलेले तुकडे आत्ताच कुणाकडे दुरुस्तीला देऊ नका. ते स्ट्रिप झाले, म्हणजे वरचे थर उतरवले, की पितळाचा थर जातो आणि दाखवायला काही उरत नाही. निकाल लागेपर्यंत ते तसेच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा.