रस्त्यातली लूप की खांबावरचा कॅमेरा?

पुढे पोहोचायला किती वेळ लागेल हे सांगणाऱ्या रस्त्यावरच्या फलकावर भरवसा बसायचा तर आधी गाड्यांची मोजणी पक्की हवी. लूप म्हणजे डांबरात खाच पाडून बसवलेले तारेचे तीन-चार वेढे. वर गाडी आली की वेढ्यांचा इंडक्टन्स (विद्युतप्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) घटतो आणि नोंद होते. धुके, अंधार यांनी तिचे काही बिघडत नाही. मात्र रस्ता तडकला किंवा खाच बुजवणारे सीलंट सुटून खाचेत पाणी शिरले की लूप गेलीच, आणि दुरुस्तीसाठी लेन बंद!

कॅमेरा एकटा अनेक लेन पाहतो, मोजणीचा पट्टा सॉफ्टवेअरमध्ये सरकवता येतो. पण खांब बुटका असेल तर ट्रकमागची कार लपते. ओल्या रस्त्यावर हेडलाइटची चमकही गाडी म्हणून मोजली जाऊ शकते.

सिग्नलपाशी लूपच बरी. रस्ता वारंवार खोदला जाणार असेल तिथे कॅमेरा, तोही काच पुसायची सोय असेल तरच.