दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी कुठला गट सुरू करावा?

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून नुकती कामाला लागलेली मुलं-मुली फोन करतात. "ताई, वस्तीतले सात-आठ जण दारू सोडायला तयार आहेत. गट सुरू करू का?" जरूर करा. पण कुठल्या प्रकारचा, ते आधी ठरवा, कारण मधेच प्रकार बदलला की माणसं बुजतात.

समाजकार्याच्या अभ्यासक कॅथरीन पेपेल आणि ब्युला रॉथमन यांनी १९६६ मध्ये गटकार्याची, म्हणजे गट घेऊन करायच्या समाजकार्याची, तीन प्रारूपं मांडली: उपचारात्मक, परस्पर आणि सामाजिक ध्येयांचं. परीक्षेला आपण ती पाठ करतो. वस्तीत गेल्यावर कळतं की ही तीन निरनिराळी कामं आहेत, आणि प्रत्येकात आपली खुर्ची वेगळ्या जागी असते.

उपचारात्मक गटात कार्यकर्ता जबाबदार असतो. प्रत्येकाला आधी एकेकटं भेटायचं, कोण गटात बसेल ते ठरवायचं, उद्दिष्ट लिहून काढायचं. आठ-दहा माणसं, तीच ती, आठवड्यातून एकदा दीड तास, दहा-बारा आठवडे. मधे नवीन कुणी घ्यायचं नाही. त्यामुळे विश्वास लवकर बसतो आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून माणसं मारहाणीबद्दल, कर्जाबद्दल बोलू लागतात. पण बारावा आठवडा संपला की तेराव्याला तो माणूस पुन्हा त्याच नाक्यावर एकटा उभा असतो. निवड करताना एक गोष्ट कधीही विसरू नका: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर हात थरथरतात, झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्यायचं. गट त्यानंतर.

परस्पर प्रारूप समाजकार्याचे अभ्यासक विल्यम श्वार्ट्झ यांच्या विचारातून आलं. इथे कार्यकर्ता मध्यस्थ असतो, बरं करण्याचं काम सदस्य एकमेकांसाठी करतात. वाचताना हे सोपं वाटतं, पण त्यासाठी आपल्याला गप्प बसता यावं लागतं. मला ते एका पाचव्या बैठकीत समजलं. एक रिक्षावाले भाऊ म्हणाले, "मी फक्त शनिवारी घेतो." मी समजवायला तोंड उघडणार, तोच समोर बसलेले सफाई कामगार काका शांतपणे म्हणाले, "माझा शनिवार शुक्रवारपासून लागायचा." कुणी हसलं नाही. रिक्षावाले भाऊ बराच वेळ चावी बोटात फिरवत राहिले. निघताना दारातच थांबून म्हणाले, "माझा गुरुवारपासून लागतो." त्याच विषयावर मी अर्ध्या तासाचं बोलणं तयार करून नेलं होतं. ते पिशवीतच राहिलं.

म्हणून माझा कल परस्पर प्रारूपाकडे आहे. पण एखादा सदस्य फार आक्रमक असेल किंवा कुणाच्या डोक्यात आत्महत्येचे विचार असतील, तर मध्यस्थाची भूमिका पुरत नाही. तिथे सूत्रं हातात घ्यावी लागतात आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावंच लागतं.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) हा आणखी निराळा मार्ग. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक सर्जन एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहिले, तिथून तो सुरू झाला. तिथे फी नाही आणि समाजकार्यकर्ताही नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. बारा आठवड्यांनी तो संपत नाही, वीस वर्षांनीही मिटिंगची खुर्ची तिथेच असते. आपल्या कुठल्याही प्रकल्पाला हे जमणार नाही, कारण निधी संपतो, आपली बदली होते. अडचणी मात्र खऱ्या आहेत. दारू सोडण्यासाठी एएने आखलेल्या बारा पायऱ्यांमधला ईश्वराचा उल्लेख काहींना खटकतो. लहान गावात सगळेच ओळखीचे, तिथे अनामिकता पाळणं कठीण. आणि पिणाऱ्या बायका पुरुषांनी भरलेल्या खोलीत सहसा पाऊल टाकत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा गट हवाच.

सामाजिक ध्येयांचं प्रारूप व्यसनी माणसावर उपचार करण्यासाठी नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदानात उभी बाटली आडवी करणाऱ्या बायकांचा गट त्यात बसतो. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या दीर्घ चळवळीनंतर. मोलाचं काम, पण ते दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत मिसळू नका. "दुकान बंद करा" म्हणणाऱ्या बाईसमोर काल पुन्हा प्यायलेला माणूस ते कबूल करत नाही.

तर नव्याने सुरू करणाऱ्याने काय करावं? जवळपास एएची मिटिंग भरत असेल तर बारा आठवड्यांचा बंद गट घ्या, पण तो चालवा परस्पर पद्धतीने. चौथ्या आठवड्यापासून सदस्यांना मिटिंगला नेऊ लागा. पहिल्या वेळी सोबत जा, खुली मिटिंग, म्हणजे सदस्य नसलेल्यांनाही बसता येईल अशी, असेल तरच आत बसा. मिटिंग नसेल तर नवीन माणूस कधीही येऊ शकेल असा कायम चालणारा खुला गट सुरू करा, मात्र निदान दोन वर्षं तिथेच राहणार असाल तरच.

सदस्याच्या बायकोला त्याच गटात बसवू नका. तिच्यासाठी वेगळा वार, वेगळी जागा, आणि शक्यतो वेगळी कार्यकर्ती ठेवा. नवरा काय बोलला हे ती तुम्हाला हमखास विचारेल. ते सांगता येणार नाही, हे तिला पहिल्याच दिवशी, त्याच्यादेखत सांगून टाका.