राजदूत 175 घरीच चालू केली, 14 महिने आणि 3,100 किमी नंतरचा अनुभव

आधीच सांगतो, चकचकीत फोटोवालं रिस्टोरेशन हे नाही. पेंट केलेला नाही, क्रोम केलेलं नाही, मागच्या बाजूला दुधाचे कॅन घासून पत्र्याचा रंग गेलाय तो तसाच आहे. गाडी मामांची, 1978 ची, कराडजवळ गावाला गोठ्याच्या कडेला 16-17 वर्षं उभी होती आणि सीटमध्ये उंदरांचा संसार. मला ती फक्त चालू करायची होती. साताऱ्यात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, रविवार टू रविवार, शेजाऱ्यांच्या शिव्या खात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही 350 वाली राजदूत नव्हे, ती यामाहाची आरडी होती आणि तिचे भाव आता काहीच्या काही झालेत. ही साधी दूधवाल्यांची. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम 11 वरून काढलेली, 173 सीसी, टू स्ट्रोक, तीन गिअर, 6 व्होल्ट. आणि हो, सरकारी हिशोबाने व्हिंटेज पण नाही, 2021 च्या नियमात व्हिंटेज नोंदणीला गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी लागते, म्हणजे मला अजून वाट बघायची आहे.

इंजिन जाम होतं. कीक दगडासारखी. लोक अशा वेळी कीकवर उभे राहतात किंवा गिअरमध्ये टाकून गाडी ढकलतात, तसलं काही करू नका. प्लग काढून डिझेल आणि पॉवर स्टेअरिंगचं ऑइल अर्धं अर्धं ओतलं आणि रोज संध्याकाळी ऑफिसवरून आलो की हाताने थोडं थोडं हलवायचं. नवव्या दिवशी सुटलं. आनंद दोनच मिनिटं टिकला कारण हेड उघडलं तर बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन वरखाली होतो त्या नळकांड्यात, गंजाचे खड्डे, नखाला लागत होते. म्हणजे बोअर मारणं (नळकांडं आतून घासून मोठं करणं) आणि त्यात बसणारा ओव्हरसाइज पिस्टन आलं. पिस्टन किट पुण्याला नाना पेठेत मिळालं, तिसऱ्या दुकानात, आणि दुकानदाराने वर विचारलं की गाडी विकायची आहे का.

बोअर एका वर्कशॉपमधून मारून घेतला आणि तिथे फसलो. फिटिंग इतकं टाइट दिलं की पिस्टनला फुगायला जागाच नाही. यवतेश्वर घाटात पहिल्यांदा नेली, वरून दुसऱ्या वळणावर गाडी जड वाटायला लागली आणि मागचं चाक चिरकलं, पिस्टन बॅरलमध्ये अडकला होता. नशीब हात क्लचवरच होता. एअर कूल्ड टू स्ट्रोकला लोखंडी बॅरल आणि अॅल्युमिनियमचा पिस्टन, गरम झाला की पिस्टन बॅरलपेक्षा जास्त फुगतो, त्यामुळे बोअर देताना पिस्टन सोबत द्या आणि क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली फट, किती ठेवणार हे तोंडाने विचारा. मी विचारलं नव्हतं. परत होनिंग करून, म्हणजे बोअर आतून हलकं घासून घेतलं, आणि पहिले 500 किमी 40 च्या वर नेली नाही.

पण खरा वेळ गेला तो यात नाही. गाडी चालू व्हायची, छान फटफट करायची, आणि गरम झाली की आयडलिंग आपोआप चढायचं, थ्रॉटल सोडला तरी इंजिन ओरडतच. मधेच पिकअप गायब. दोन महिने मी कार्बोरेटर पिळत बसलो. जेट साफ केला, जेट बदलला, नीडलची क्लिप वर खाली, फ्लोट बदलला, तीन वेळा अख्खा कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला, यूट्यूबवर जे जे दाखवतात ते सगळं केलं. शेवटी मामा आले होते दवाखान्याच्या कामासाठी, त्यांनी खुर्ची टाकून बघितलं आणि म्हणाले, "आरं ते कार्बोरेटर कशाला पिळतोयस, धुराचा वास घे आधी." वास घेतला. पेट्रोलमध्ये मिसळतो त्या टू-टी ऑइलचा नव्हताच, गिअर ऑइल जळाल्याचा होता.

झालं असं होतं की क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची, ऑइल सील दोन्ही बाजूंची वाळून कडक झाली होती. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची बंद पेटी, हाच पंप असतो, पिस्टन वर गेला की मिश्रण खाली ओढलं जातं आणि खाली आला की तेच दाबून वर पाठवलं जातं. तिथे कुठून पण हवा शिरली की सगळं गणित बिघडतं. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग) बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि आरपीएम चढतं. क्लचच्या बाजूचं गेलं की तिकडचं ऑइल ओढून जाळतं, पांढरा धूर आणि प्लग ओला. माझ्याकडे दोन्ही, त्यामुळे कुठलंच लक्षण धड ओळखू येत नव्हतं. दोन सीलची किंमत मिळून 180 रुपये. एक सोडून मी सगळं बदललं होतं, आणि ते एक म्हणजे हेच. बोअर मारायला इंजिन खाली उतरवलं होतं तेव्हाच टाकली असती तर दोन महिने वाचले असते. त्यामुळे कुणी विचारलं की पेंट आधी करू का, तर माझं उत्तर तयार आहे, आधी सील, बेअरिंग, ठिणगीचे पॉइंट आणि कंडेन्सर, केबल. पेंट मेल्यावर केला तरी चालेल.

मॅग्नेटोचा फ्लायव्हील काढायला पुलर लागतो, हातोडी नाही, माझ्या आधी कुणीतरी हातोडी चालवली होती त्याच्या खुणा आहेत. पॉइंट घासून गॅप 0.4 मिमी ठेवला. पॉइंटवर सारखी ठिणगी दिसत असेल आणि ते काळे पडत असतील तर कंडेन्सर गेला समजा.

आता वापराचं. सकाळी पेट्रोलचा कॉक उघडायचा, कार्बोरेटरवरचं टिकलरचं बटण दाबून पेट्रोल वर येऊ द्यायचं, दुसऱ्या तिसऱ्या कीकला चालू. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली ऑइल, आधी ऑइल मग पेट्रोल म्हणजे नीट मिसळतं. पंपावरची पोरं हसतात. गाडी लावली की कॉक बंद करायचाच, एकदा विसरलो तर रात्रभर पेट्रोल इंजिनात उतरलं आणि सकाळी प्लग काढून दहा मिनिटं कीका मारत बसलो. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे जुनी रबरी नळी फुगून मऊ पडली, चांगल्या प्रतीची टाकली, आणि आठवडाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करतो, कारण इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या टाकीच्या तळाला परत गंज धरतो. अॅव्हरेज 36-38. जास्त अपेक्षा नव्हती.

घाट उतरताना सवय बदलावी लागते. थ्रॉटल पूर्ण बंद करून उतरलं तर पेट्रोलसोबत ऑइल पण आत जायचं जवळपास थांबतं, म्हणजे पिस्टन कोरडा, म्हणून मधे मधे थोडा गॅस द्यायचा. इंजिन ब्रेकिंग नावालाच आहे आणि ब्रेक तर काय, विनंती अर्ज असल्यासारखे, विचार करून मग लागतात. रात्री हेडलाइट म्हणजे चिमणी. अंधार पडला की मी नेत नाही.

कागदपत्रांचं काम मात्र चालू करण्यापेक्षा जास्त दमवणारं निघालं. 15 वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते, ते कधीच झालं नव्हतं, त्यात ग्रीन टॅक्स, नावावर करायला मामांच्या सह्या, आणि नवीन नंबर प्लेटचे 531. एमएचच्या आधीचा तीन अक्षरी नंबर कायम राहिला याचा मात्र मला अजून आनंद आहे. पीयूसीत पास झाली, मलाच आश्चर्य वाटलं.

एकूण खर्च 21 हजारांच्या आसपास, त्यातले पाच-सहा हजार माझ्याच चुकांचे. रोजच्या ऑफिसला घेऊ नका, मी पण नेत नाही. सकाळी कासच्या रस्त्याला, मंडईत, एखाद्या रविवारी गावाला, एवढ्यासाठी मस्त आहे. खिशात एक प्लग आणि पाना कायम, 14 महिन्यांत चार वेळा रस्त्यात कामाला आला.

सध्या डबलसीट घेतलं की चढाला क्लच सरकतोय. प्लेटा सांगून ठेवल्यात नाना पेठेत, पुढच्या महिन्यात येतील म्हणतात, तोवर बायकोने सांगून टाकलंय की तू हो पुढे, मी एसटीने येते.